सगळेच मुख्य

मावशीचे कान दिवसेंदिवस दगा देत होते. बारीक, उंच आवाज आधी जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि पक्ष्यांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या या प्राध्यापिकेचे लाडके आवाज नेमके तसलेच. तरुणपणी दलदलीत माइक लावून केलेल्या शेकडो तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये एका चिमुकल्या पाणपक्ष्याची शीळ कुठेतरी हरवली होती. कान पुरते जायच्या आत ती पुन्हा ऐकायची, एवढाच तिचा हट्ट.

म्हणून भाचीने प्रोग्राम लिहिला. मुख्य प्रोग्रामने चार मदतनीस प्रोग्राम उभे करायचे आणि शीळ शोधायला त्यांना रेकॉर्डिंग वाटून द्यायचं. तिच्या लॅपटॉपवर तो झकास चालला. मावशीच्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र तो ज्या संगणक-भाषेत लिहिला होता त्या पायथनचा पत्ता नव्हता, तेव्हा तिने सगळं एकाच फाइलमध्ये बांधून आणलं आणि ऐटीत म्हणाली, "मावशी, डबल क्लिक कर फक्त."

एक खिडकी उघडली. मग चार. मग खिडक्यांवर खिडक्या, पंख्याची घरघर, आणि माऊस जागच्या जागी ठप्प.

"माझ्याकडे तर चालत होतं," भाची पुटपुटली.

"तुझ्याकडे कानही चालतात," मावशी म्हणाली.

कॉम्प्युटर बटण दाबून बंद करावा लागला. भाचीने चारांऐवजी एकच मदतनीस ठेवून पाहिला, तरी खिडकीतून खिडकी निघतच राहिली. शेवटी तिने प्रत्येक खिडकीला आपण कोण ते लिहायला लावलं. एकजात सगळ्यांनी लिहिलं: मुख्य.

"सगळेच घरचे कर्ते," मावशी हसली. "मग काम कोण करणार?"

भाचीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लॅपटॉपवर मदतनिसाला त्याचं काम पायथन समजावून देत होता. इथे मदतनीस म्हणजे तीच बांधलेली फाइल, पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झालेली. 'तुला कुणी कामाला बोलावलंय का' हे तपासणारी एक ओळ सुरुवातीलाच लागते. घरी तिच्यावाचून अडलं नाही म्हणून भाचीने ती गाळली होती.

एवढी गर्दी, पण त्यात खोडसाळ कुणीच नव्हतं. जो तो जीव ओतून कामाला लागत होता, आपण कुणाचे एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. तिने हे मावशीला सांगितलं.

"काही पिल्लं कवच फुटायच्या आधीच आतून साद घालतात," मावशी हळू आवाजात म्हणाली. "आई बाहेरून ओ देते. मला अजून त्याचं नवल वाटतं."

भाचीने ती एक ओळ घातली आणि फाइल पुन्हा बांधली. या वेळी एकच खिडकी उघडली आणि तिच्या मागे चार मदतनीस गुपचूप राबू लागले. संध्याकाळी रेकॉर्डिंगमध्ये शिळेची एक जागा सापडली.

मावशीने हेडफोन चढवला. भाचीने दुसरा जोडून कानाला लावला. सुईसारखी बारीक शीळ आली आणि थांबली. मावशीचा चेहरा हलला नाही. उशीर झाला, असं भाचीला वाटलं.

रेकॉर्डिंगमध्ये आता नुसती शांतता होती. मावशीने डोळे मिटले, ओठांचा चंबू केला आणि हुबेहूब तीच शीळ घातली. मग हात वर करून तिने भाचीला गप्प राहायची खूण केली आणि वाट पाहत राहिली.

हेडफोनमध्ये पक्ष्याने पुन्हा शीळ घालून ओ दिली. मावशीने मान डोलावली.