एकाच खाटेचा भूकंप

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. हलवलं की कुरकुरते. या वयात तेवढा हक्क असतो. नांदेडच्या अजीज मिस्त्रींनी मला घडवताना पायथ्याशी एक हँडल बसवलं. ते फिरवलं की माझी डोक्याकडची बाजू वर येई. याच गुणावर लातूरच्या एका दवाखान्यात माझी वर्णी लागली.

भूकंपाचं साल होतं. घराचा दगड पाठीवर पडलेली सरजाबाई माझ्यावर होती. डॉक्टरांनी तिच्या कण्यात औषधी रंग सोडून एक्स-रे काढले आणि तिच्या मुलाला, नरसिंगला बजावलं, "डोकं उंचच ठेवा. रंग मेंदूकडे चढला तर झटके येतील, जिवावर बेतेल."

तेवढ्यात अहमदपूरहून पाहुणे आले. आपल्याकडे पेशंटला बघायला आलेला प्रत्येकजण थोडी डॉक्टरकी करून जातो. सरजाबाईचा भाऊ सटवाजी म्हणाला, "आरं नरसिंग, पाठ मोडलेल्या बाईला बसवून ठिवलास व्हय? आडवी होऊ दे की!"

"मामा, डॉक्टर न्हाई म्हणलेत."

"डाक्टरची पाठ दुखून राहिली का?"

मामांनी हँडल फिरवलं. मी खाली आले. खाटेला कोण विचारतो?

मामांचा चहा संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग सरजाबाईचे स्नायू आखडले, पाय उडू लागले, दातखीळ बसली. मी खडखडले.

"आला! भूकंप आला!" मामा ओरडले. क्षणात सगळे मैदानात, नरसिंगसुद्धा. त्या दिवसांत लातुरात आधी पाय पळत, माणूस मागून.

शेजारच्या खाटेवरच्या रहमतबीचा पाय प्लास्टरात होता, म्हणून ती राहिली. "अगे, माझी खाट तर गप हाय!" ती खिडकीतून ओरडली. "भूकंप एकाच खाटेला येतो का रे? मुडद्यांनो, बाई मरून राहिली!"

डॉक्टर धावत आले. त्यांनी डोकं उंच केलं, सुई टोचली. संध्याकाळी सरजाबाईने डोळे उघडले. म्हणाली, "दादा, चहा घेतलास का?"

दुसऱ्या दिवसापर्यंत मामा माझं हँडल धरून बसले, कुणी हात लावू नये म्हणून.

पुढे लातुरात क्लासेस वाढले आणि मी मुलींच्या वसतिगृहात आले. हँडल आता गंजलंय. माझ्यावर मुखेडची उज्ज्वला झोपते. टेस्टचे मार्क लागले की पांघरुणात तोंड खुपसून हुंदके देते. मी कुरकुरते. बाकीच्या मुली म्हणतात, "ही खाट लई आवाज करून राहिली, बदलायला सांगा."

मित्रांनो, मी थकले आहे. मला तेल नको, रंग नको. फक्त खाट हलली, तर आधी तिच्यावर कोण आहे ते बघा.