लाल पाण्याची साक्ष

काकांच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावरसुद्धा माणसं टाचा उंचावून उभी होती. सगळ्यांचे डोळे एका काचेच्या वाडग्यावर खिळलेले, आणि वाडग्यामागे ऐसपैस बसलेले पाणीबाबा.

"पाणी पोलीस नाही चहापाणी मागायला, वकील नाही शब्द फिरवायला," बाबा बजावत होते. "ज्याच्या हातून मरण आलं, त्याच्या हाताला रक्त फुटेल!"

आठ दिवसांपूर्वी काका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. पोलिसांनी व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला, तोही आमच्याच न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. मी तिथे जीवरसायन विभागात आहे. पण नात्यातल्या माणसाची बरणी आली की आमच्याकडे तसं लिहून देऊन बाजूला व्हावं लागतं. ती उघडायची नाही, तिची चौकशीही करायची नाही. नियम योग्यच आहे, तरी त्या फ्रीजरसमोरून जाताना मी नजर दुसरीकडे वळवायचे.

काकांच्या मुलाने, म्हणजे दादाने, बोटं बुडवली. काही नाही. वहिनीने बुडवली. काही नाही. तमाशा लवकर संपावा म्हणून मीही बुडवली. शेवटी आयाबाई आल्या. सहा वर्षं काकांना चमच्याने भरवणाऱ्या, त्यांचं सगळं करणाऱ्या. त्यांची बोटं टेकली मात्र, पाणी लालभडक झालं.

"बोललं! रक्त बोललं!" बाबा गरजले.

एकच गलका उठला. आयाबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "दुपारची गोळी... मी दोनदा दिली की काय? दिलीच असणार."

माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरातून लिंबू आणून मी वाडग्यात पिळलं. पाणी पुन्हा नितळ.

"रक्त लिंबाने जातं का हो, बाबा? आयाबाई, सकाळपासून काय करत होतात?"

"बाबांनी सांगितलं होतं, घर शुद्ध हवं. धुण्याच्या सोड्याने सगळ्या फरश्या घासल्या. हात धुवायलासुद्धा उसंत मिळाली नाही."

मी बाबांच्याच बाटलीतलं ताजं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, वहिनीच्या ओल्या बोटांना सोडा चोळला आणि बोटं बुडवायला लावली. पाणी लाल!

"आता वहिनी खुनी का? या पाण्यात फिनॉल्फथॅलिन आहे. पूर्वी जुलाबाच्या गोळीत असायचं. सोडा लागला की लाल, लिंबू पडलं की नितळ. कुठल्याही घरी जा, धुणीभांडी करणारीच सापडणार. मालक सापडायचा नाही!"

जिन्यावर कोणीतरी फिसकन हसलं. "पाणी रुसलं," म्हणत बाबांनी वाडगा पिशवीत घातला आणि काढता पाय घेतला.

मला वाटलं, जिंकले. दादा शांतपणे म्हणाला, "तुझं ज्ञान तुझ्या लॅबमध्ये ठेव. ती स्वतःच्या तोंडाने कबूल झाली ना?"

पोलिसांपुढे त्या तेच बोलल्या. मी हात जोडले, "सही करू नका हो."

"ताई, पाण्याचं माझ्याशी काय वैर?" म्हणत त्यांनी सही केली.

अहवालाला तीन महिने लागले. मी लवकर करा म्हणूनही सांगू शकत नव्हते. नुसती दिवस मोजत राहिले. विष नव्हतं. रक्तातलं औषध एकाच गोळीचं होतं. दुसरी दिलीच नव्हती.

आयाबाई सुटून घरी आल्यावर मी अहवाल त्यांना दोनदा वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. आत नातू तापाने कण्हत होता. औषधाची बाटली त्यांच्या हाताशी होती, पण त्यांनी सुनेला हाक मारली. "तूच दे गं. माझा भरवसा नाही."

तुमच्या दारी असा वाडगा आला, तर यात काय कालवलंय, हे आधी विचारा, मोठ्याने विचारा. मीही विचारलं, पण रांगेत निमूटपणे माझी बोटं बुडवून झाल्यावर.