चांद्याची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, म्हसाच्या जत्रेत कुंडलिकने मला विकत घेतले आणि आपल्या चांद्या बैलाच्या गळ्यात बांधले. भातलावणीआधीच्या चिखलणीला, भाताच्या भाऱ्यांच्या गाडीला, सगळीकडे मी वाजत गेले. बैलाने झोपेत मान हलवली की मी वाजे, म्हणून कुंडलिकची बायको वत्सला निजण्यापूर्वी माझ्यात पेंढा कोंबी. सकाळी तो काढायचे काम कुंडलिकचे. त्यात कधी चूक झाली नाही.

पुढे बैल विकला. घंटा बैलाबरोबर द्यायची नाही, ही घरची रीत. मी पडवीत खुंटीला राहिले आणि हिरवी पडले.

मग कुंडलिक विसरू लागला. एकदा स्वतःच्याच खाचराकडे जाताना वाट चुकला, तेव्हापासून भीतीने घराबाहेर पडेना. आजार सुरुवातीचाच आहे, असे डॉक्टर म्हणाले. मनातली भीती कमी करायला मुरबाडहून नम्रता नावाची समुपदेशक येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने पुष्कळ समजावले. पुढच्या खेपेला त्याला त्यातले काहीच आठवेना.

"काका, मीच फार बोलले," ती म्हणाली. मग ती थोडेच बोलू लागली आणि वत्सलाला शेजारी बसवू लागली. "हातात धरायला ओळखीचं काही आहे का?"

कुंडलिकने खुंटीकडे पाहिले. "चांद्याची घंटा हाय."

ठरले ते एवढेच. बांधापर्यंत एकट्याने जायचे. भीती वाटली की तिथेच बसून मला वाजवायचे. आवाज ऐकून वत्सला येईल.

"बैल गेला, आता घंटा माझ्या गळ्यात का गो?"

"बैल तरी ऐकायचा," वत्सला म्हणाली.

तो हसला, आणि खरेच जाऊ लागला.

एकदा तो मला उशाशी घेऊन झोपला. कूस बदलली की मी वाजे. वत्सलाने अर्धवट झोपेत, जुन्या सवयीने, माझ्यात पेंढा कोंबला. सकाळी तो काढायचे काम कुंडलिकचे होते.

त्या दिवशी बांधावर त्याला घराची दिशा कळेना. सांगितल्याप्रमाणे तो बसला. त्याने मला हलवले. पुन्हा हलवले. मी त्याच्याच हातात होते आणि काही करू शकत नव्हते. वत्सला ओटीवर तांदूळ निवडत कान देऊन होती. तिला वाटले, आज भीती वाटलीच नाही. ऊन चढल्यावर ती धावत आली.

"वाजवली गो मी. तू आलीच नाय."

तिने मला उलटे धरून पाहिले. ती तिथेच खाली बसली.

आता माझ्यात पेंढा कोणी घालत नाही. नम्रता म्हणते, "काका, परत ओटीच्या पायरीपासून सुरू करू." तो मान हलवतो, पण पायरी उतरत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत नाही केलेत तरी चालेल. पण घरात कोणी विसरू लागले, तर त्याच्या वाटणीची लहानसहान कामे आधी शोधा आणि गुपचूप आपल्याकडे घ्या.

वत्सला रोज मला त्याच्या हातात देते. तो आत बोट घालून चाचपतो, मी रिकामी आहे याची खात्री करतो आणि मला परत खुंटीला अडकवतो. तेवढे तो विसरत नाही.