नोंद नसलेला दिवस

"माझ्या झेंड्याला लकवा मारलाय," पेंटर म्हणाले. "बघा की. सकाळी असा, दुपारी असा, संध्याकाळीही असाच. मी काढला तेव्हा धडधाकट होता."

भाचीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. वेधशाळेच्या खोलीत तिघं एका टेबलाभोवती दाटीने बसली होती. पाच वाजता ग्रंथालयाच्या सभागृहात घरी बनवलेल्या खेळांचं प्रदर्शन उघडणार होतं, आणि आत्ता एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांचा खेळ म्हणजे पडद्यावरची चित्रकादंबरी. वर चित्र, खाली संवाद, मधूनमधून दोन-तीन पर्याय. वाचणारा निवडेल तशी गोष्ट वळते. चित्रं शेजारच्या निवृत्त पेंटरांची, प्रोग्राम भाचीचा, गोष्ट मावशीची. जुन्या काळी आशियाच्या समुद्रांवर जहाजं एका वाऱ्याने जायची आणि परतीचा वारा सुटेपर्यंत महिनेच्या महिने परक्या बंदरात थांबायची, हे मावशीने कॉलेजात असताना वाचलं होतं. इतके महिने ती माणसं एकमेकांशी काय बोलत असतील, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या डोक्यात होता. चिनी सुकाणूवाला, अरब व्यापारी, सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, सुतार यांना तिने एका बंदरात बसवलं आणि बोलतं केलं. रोज मनोऱ्यावर चढून वारा बघणारी, झेंडा लावणारी एक बाईही घातली.

झेंडा हलायचा तो खऱ्या वाऱ्याने. मावशी एकतीस वर्षं इथे निरीक्षक होती. दिवसातून तीनदा गच्चीवर जायचं, दिशादर्शक बाण बघायचा, दिशा अंशांत आणि वेग आकड्यात वहीत लिहायचा. येत्या एक तारखेपासून हे काम गच्चीवर बसवलेलं यंत्र करणार होतं आणि वह्या गोदामात जाणार होत्या. त्याआधी भाचीने त्यातलं एक वर्ष खेळात भरलं. हट्टाने स्वतःच्या जन्माचं वर्ष. जहाज सुटायचा दिवसही तिने स्वतःचा वाढदिवस ठेवला होता, आणि नेमका त्याच दिवशी झेंडा गोठला होता.

अडीच वाजता तिने मान वर केली.

"मावशी, माझं काही चुकलेलं नाही."

"मग?"

"आकडेच तसे आहेत. तिन्ही वेळा दोनशे चाळीस अंश, वेग सहा. आदल्या संध्याकाळीही तेच." ती मावशीकडे वळली. "आई सांगते, मी झाले तेव्हा वीज अशी कडाडली की नर्सच्या हातातला ट्रे पडला. वादळात वारा एक अंशही हलला नाही?"

पेंटर उठले. "मी जरा चहाचं बघतो."

"बसा," मावशी म्हणाली. "झेंडा तुमचाही आहे."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी मी इथे नव्हते. तुझ्या आईला पहाटे कळा सुरू झाल्या, तुझे बाबा परगावी. मी तिला घेऊन गेले ती रात्रीपर्यंत तिथेच. दुसऱ्या दिवशी येऊन आदल्या संध्याकाळचे आकडे तीनदा उतरवले."

"असं किती वेळा केलंस?"

"एकदा."

"एकदाच?" पेंटर म्हणाले. "अहो बाई, मी एका दवाखान्याच्या पाटीवर बाण उलटा काढला होता. अठरा वर्षं झाली, पेशंट आधी शेजारच्या सलूनमध्ये जातात."

मावशी हसली, पण चष्मा तिने लगेच घातला नाही.

"सोपं आहे गं," भाची म्हणाली. "मी अंदाजाने तीन आकडे टाकते. कोणाला कळणारे?"

"मीही तेव्हा हेच म्हटलं होतं."

भाचीने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मग हळूच म्हणाली, "काय ठेवू मग?"

"काही नको. त्या दिवशी मनोरा रिकामा. झेंडा नाही, जहाज एक दिवस उशिरा सुटेल." आणि बोलता बोलता मावशी उभीच राहिली. "थांब. त्या दिवसाची एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. सात."

"काय सात?"

"मी हॉस्पिटलच्या खिडकीशी होते. वीज चमकली आणि सवयीने मोजायला लागले. सात सेकंदांनी गडगडाट. त्याच आवाजात आतून तू रडलीस. वहीत ते कुठे लिहिणार?"

त्यांच्या गोष्टीत सयामचा सुतार सांगतो, की समुद्र राखणारी देवी आपला मणी चमकवून राक्षसाचे डोळे दिपवते. तो चिडून कुऱ्हाड फेकतो, नेम चुकतो आणि कुऱ्हाड पडते तो गडगडाट. खेळात मणी चमकला की कुऱ्हाड लगेच पडायची.

"मधलं अंतरच आपण ठेवलं नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पांढरा पडदा ठेव. सात सेकंद. पर्याय नाही, बटण नाही, काही नाही."

"लोक म्हणतील बंद पडलं. उठून जातील."

"जाऊ देत. पण सातच. सहा नकोत."

पेंटरांनी रंग केव्हाच उघडले होते. "रिकामा मनोरा ना? चाळीस मिनिटं द्या. आणि कोणी बोलू नका माझ्याशी." पुढचे दोन तास खोलीत फक्त बटणांचा आणि ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज होता. चित्र ओलं असतानाच भाचीने त्याचा फोटो काढला. पेंटर त्यावर वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिले.

मावशीने कपाटातून चोवीस वर्षांपूर्वीची वही काढली. तीन ओळींवर पट्टी ठेवून तिने लाल शाईची एकेक रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी. समासात लिहिलं: प्रत्यक्ष निरीक्षण नाही. खाली सही आणि आजची तारीख.

सभागृहात त्यांच्या टेबलाशी पहिल्या आल्या त्या टपाल खात्याच्या गणवेशातल्या एक बाई. खांद्यावरची पिशवी त्यांनी काढलीच नाही. दोन मिनिटं बघून निघायच्या बेतात असाव्यात. मग खुर्ची ओढली. सुतार निवडला, देवीची गोष्ट निवडली. वीस मिनिटांनी पिशवी खाली ठेवली.

तो दिवस आला. रिकामा मनोरा. मग सगळा पडदा पांढरा.

मावशीचे ओठ हलू लागले. एक, दोन. भाचीने पेंटरांचा दंड घट्ट धरला. तीनला बाईंचा हात माऊसकडे गेला. चारला त्या मागे वळणार असं वाटलं. पाच. हात तसाच राहिला. सहा.

सातला गडगडाट झाला आणि त्यात मिसळून एका तान्ह्या बाळाचं रडणं.

बाईंनी श्वास सोडला. मग वळून विचारलं, "मनोऱ्यावर कोण होतं त्या दिवशी?"

भाची काहीतरी बोलणार होती.

"कोणी नव्हतं," मावशी म्हणाली. "ती खाली गेली होती."

"बरं केलं," बाई म्हणाल्या आणि पुढचा दिवस उघडला.

सकाळ. दोनशे दहा अंश, वेग अकरा. झेंडा हलला.