समासातलं 'धाडस'

पाठ फाटलेली, तिसऱ्या कपाटातली कादंबरी बोलतेय मी. सागरी साहसाची. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवरच्या या शाळेत माझी पंचेचाळीस वर्षं गेली आणि सगळ्यांत जास्त हाताळलं गेलं ते माझं एकशे बारावं पान.

त्या पानावर वादळ आहे. सोन्याची पेटी ठेवलेली होडी जहाजामागे दोराने बांधलेली, तिच्या ओढीने जहाज खडकांकडे चाललेलं. कप्तान दोर कापतो. परीक्षेत विचारतात, उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना सांगा. कुण्या शहाण्याने समासात पेन्सिलीने 'धाडस' लिहून ठेवलं. झालं! पुढच्या सगळ्यांनी मेंढरांसारखं तेच उतरवलं. माझा नुसता संताप व्हायचा.

मग शनिवारच्या प्रौढवर्गात ऊना आली. चाळिशीची, मासळीच्या कारखान्यात राबणारी. तिला नर्स व्हायचं होतं, पण इंग्रजीत दोनदा नापास झालेली. आता सराव परीक्षेतही घसरली, तर वर्गाच्या शिक्षिका लिंकलेटरबाई तिचं नाव मुख्य परीक्षेला पाठवणार नव्हत्या.

तिने समासातल्या शब्दावर अंगठा दाबून धरला आणि पान तीनदा वाचलं.

सराव परीक्षेत हाच उतारा आला. पेपर तपासल्यावर बाईंनी तिला बोलावलं. "अगं, सरळ 'धाडस' लिहायचं! नसती अक्कल कशाला पाजळतेस?"

"धाडस कुठंय बाई? हात थरथरतायत त्याचे. दोर तुटल्यावर तो पेटीकडं बघतसुद्धा नाही, माणसं मोजतो. काय सोडायचं नि काय धरायचं, हे कळणं, तीच मध्यवर्ती कल्पना."

"कुणी सांगितलं तुला?"

"या ओळींनीच. आमच्या टॉर्फिननं गेल्या हिवाळ्यात वादळात शेवंडी धरायचे सगळे पिंजरे होडी वाचवायला असेच कापून सोडले. गाव अजून भित्रा म्हणतं माझ्या नवऱ्याला."

बाईंनी माझ्यातली माणसं मोजल्याची ओळ पुन्हा वाचली. मग नावांच्या यादीत 'ऊना' लिहिलं आणि समासातला शब्द पुसायला खोडरबर तिच्यापुढे सरकवलं.

त्या दिवशी ती मला घरी घेऊन गेली. चहा घेता घेता तिने ते पान नवऱ्याला वाचून दाखवलं.

"मोजल्यावर किती निघाली माणसं?" त्याने विचारलं.

"अकरा."

"आमच्या होडीत चार होती."

"आली ना चारही घरी?" ऊना म्हणाली. त्याने मान डोलावली आणि डोळे पुसले.

आता मी परत कपाटात आहे. शिवण उसवलीय, पहिली आठ पानं गेली. जाऊ देत! एकशे बारावं मात्र मी सोडणार नाही. समास कोरा आहे. या, आणि स्वतः वाचा.