चावीवाल्याची हनुवटी

डागवाल्या काकू हे नाव त्यांना गल्लीनेच बहाल केलं होतं. काकांचा फोटो स्टुडिओ होता. काका बाहेर फोटो काढायचे आणि काकू आतल्या खोलीत बसून चेहऱ्यांवरचे डाग काढायच्या. आधी पेन्सिलीने, ब्रशने, पुढे कॉम्प्युटर आला तसं त्यावर. मुरूम, तीळ, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, समोर येईल ते साफ. निम्म्या गावाची तोंडं काकूंनी धुतली म्हणायला हरकत नाही. पण कॅमेऱ्याचं बटण त्यांनी जन्मात दाबलं नव्हतं. कॅमेरा काकांचा, डाग काकूंचे, अशी घरात वाटणीच होती.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. पाठोपाठ साखरेने काकांची नजर नेली. आता त्यांच्या डोळ्यांत थेंब घाला, हाताला धरून न्हाणीघरात न्या, भाकरी करा, भांडी घासा, आणि वर त्यांची कुरकुर ऐका. काकू दमल्या होत्या. ही दमणूक झोपेने जाणारी नव्हती, कारण सकाळी उठायच्या त्याच मुळी दमलेल्या.

अशात भाची आली आणि एक छोटा कॅमेरा हातात ठेवून म्हणाली, "मावशी, रोज तासभर बाहेर पड. रस्त्यावरची माणसं टिप. त्यांना उभं करायचं नाही, हसवायचं नाही. आहेत तशी घ्यायची."

"हिला?" काका कॉटवरून हसले. "अगं, ही आहे तसं काही ठेवते का कधी?"

ते काकूंना लागलं. आयुष्यात एक तरी फोटो माझा असावा, एवढंच त्यांच्या मनात आलं. फार नको, एक. दुसऱ्या दिवशी चपला घालून त्या बाहेर पडल्या.

सुरुवातीची तऱ्हा काय सांगावी! लोकांच्या पाठी, विजेचे खांब आणि स्वतःचा अंगठा. समोर चांगला चेहरा आला की तोंडातून काकांचंच वाक्य निघायचं, "हनुवटी जरा खाली घ्या." एक हमाल डोक्यावरच्या पोत्यासकट थबकला आणि म्हणाला, "बाई, हनुवटी खाली घेतली तर पोतं तुमच्या पायावर पडेल." काकू शरमेने अर्ध्या झाल्या. गुडघे बोलायला लागले की कोपऱ्यावरच्या इमारतीच्या पायरीवर बसायच्या. तिथेच जिन्याखाली चावीवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, चावी पकडायचा एक शिकंजा, आणि खिळ्यांना टांगलेल्या शेकडो चाव्या.

"काकू, फोटो काढताय की नेम धरताय?" तो कानस घासता घासता विचारायचा. "असं रोखून बघितलंत तर कावळासुद्धा उडून जाईल."

"तुम्ही तुमची कुलपं बघा, भाऊ."

पण रोज बसून बसून त्या त्याच्यासमोर कॅमेरा विसरायला लागल्या, आणि तोही. एका सकाळी त्याने नवी चावी उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि फुंकर मारून तिच्यावरचा कीस उडवला. काकूंच्या बोटाने आपसूक बटण दाबलं.

घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला आणि त्या बघतच राहिल्या. उजेड बरोबर चावीवर, ओठांचा चंबू, हवेत उडालेली पितळेची भुकटी. "अहो, आलाय हो!" त्या ओरडल्या.

"सांग तरी काय आलंय ते," काका म्हणाले.

काकू सांगत गेल्या, आणि सांगता सांगता हात चालत गेला. आधी कपाळावरच्या आठ्या, मग डोळ्याखालची पिशवी, मग हनुवटीवरचा व्रण, मग बारीकसारीक सगळंच. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. जित्याची खोड म्हणतात ती अशी. आणि स्टुडिओची एक शिस्त होती: साफ केलेला फोटो मूळ फोटोच्याच जागी ठेवायचा. एकदा एका बाईने आपले दोन्ही चेहरे शेजारी शेजारी पाहिले होते आणि काउंटरवर रडून थयथयाट केला होता. तेव्हापासून मूळचा मागमूस ठेवायचा नाही. काकूंनी सवयीने तेच केलं, कॅमेराही रिकामा केला आणि समाधानाने भाकरी करायला उठल्या.

छापलेला फोटो त्यांनी चावीवाल्याला नेऊन दिला. त्याने तो लांब धरला, जवळ धरला.

"हा कोण? माझा धाकटा भाऊ का? पण मला तर भाऊच नाही."

काकूंना ती पावतीच वाटली. तो मात्र फोटो पेटीत ठेवून पुन्हा कानस घासायला लागला.

पुढे जिन्याखालची जागा बंद दिसायला लागली. गावाला गेला असेल असं काकू धरून चालल्या. मग एका दुपारी दारात त्याची मुलगी उभी राहिली. बापासारखेच रुंद खांदे, हातात तो फोटो.

"काकू, बाबा गेले. झोपेतच." ती दाराशीच बोलत राहिली. "कॅमेरा दिसला की पळायचे ते, त्यामुळे घरात हा एकच फोटो आहे. आई हातात घेते, बघते आणि खाली ठेवते. म्हणते, हे ते नाहीत. तुमच्याकडे याचा दुसरा असेल का? साफ न केलेला?"

काकूंनी फोटोकडे पाहिलं. थाप मारता आली असती, पण मारवेना. "नाही गं. मीच पुसला. तो ठेवायचा नसतो आमच्यात."

मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवून निघायला लागली.

"अगं, मग परत घाल ना!" आतून काका खेकसले. "जन्मभर काढत आलीस, घालता येत नाही?"

काकूंनी तसं कधी केलं नव्हतं. तरी मुलीचा हात धरून तिला कॉम्प्युटरशेजारी बसवलं आणि कपाळापासून सुरुवात केली. एकेक आठी जागेवर यायला लागली.

"हनुवटीवर व्रण होता," मुलगी म्हणाली. "कानस सटकली होती त्यांची. उजवीकडे... नाही, डावीकडे..." तिने डोळे गच्च मिटले. "रोज मी वाढायचे त्यांना, काकू. समोर बसायचे. आणि मला आठवत नाहीये."

काकूंना आठवत होतं. डावीकडे, ओठाच्या जरा खाली, तिरका. त्याच्यावर दाढीचा एकही केस उगवत नव्हता. डोळ्याखालची पिशवी उजवीकडे जास्त. भुवईत एक पांढरा केस, उलटा. पुसलेलं सगळं हाताला पाठ होतं. चेहरा परत येत होता, आणि आपला म्हणून काढलेला तो एकुलता एक फोटो आता पुन्हा हाताने केलेलं कामच झाला, हे कळून काकूंना वाईट वाटत होतं. पण हात थांबवला नाही.

कानाच्या पाळीमागे त्यांनी एक बारीक तीळ ठेवला.

"हा?" मुलगी पुढे झाली. "हा बाबांना होता?"

"होता."

"मी कधी पाहिलाच नाही."

आणि मग ती रडली, टेबलावर डोकं टेकून, मोठमोठ्याने. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. गुडघे ठणकत होते, चूल थंड होती, आत काका भूक लागली म्हणून हाका मारत होते.

मुलीने पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"अजून काय काय होतं त्यांच्या चेहऱ्यावर?" ती म्हणाली. "सांगा ना, काकू."