धुतलेल्या टोप्या

धुकं इतकं दाट होतं की रस्ता कुठे आहे हे गाडीलाच ठाऊक, मला नाही. मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसली होती. काही वर्षांपूर्वी बाबांसोबत जाताना टायर फुटला आणि गाडी रस्ताभर गरगरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून आईने गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. मावशी डोंगरापलीकडे राहते. तिचे गुडघे गेलेले, हिचा धीर गेलेला. दोघी बहिणी फोनवर बोलता बोलता म्हाताऱ्या झाल्या.

आईला राजी करायला मी हवा मोजणाऱ्या टोप्या आणल्या होत्या. चारही चाकांच्या हवेच्या तोंडावर फिरवून बसवायच्या, मग स्टिअरिंगशेजारच्या इवल्या पडद्यावर प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. हवा कमी झाली की तो कोकलतो.

"म्हणजे फुटायच्या आधी सांगेल?" आईने विचारलं होतं.

"हवा उतरायला लागली की लगेच सांगेल," मी छातीठोकपणे म्हणाले.

तेवढ्या शब्दावर ती आज गाडीत बसली होती. आज तिची पाचावर धारण बसली, तर बहिणीची भेट कायमची राहणार होती.

गाडी छान डुलत होती. झाडं धुक्यातून यायची, आमच्याकडे बघायची आणि विरून जायची. आपण संथ पाण्यावरून चाललोय असं मला वाटत होतं. गाडी चालवताना असं सुख कधी लागलं नव्हतं.

पडदा कोकलला. पुढचं डावं चाक, चोवीस.

मी लगेच गाडी कडेला घेतली.

"फुटलं का?" आईचे डोळे अजून मिटलेलेच.

"नाही गं. थोडी हवा कमी आहे, भरते."

डिकीतून पंप काढला, पुढच्या डाव्या चाकाची टोपी काढून नळी लावली. पंपाचा काटा म्हणाला तेहेतीस, म्हणजे हवी तेवढी. राग माझ्या नाकावर असतोच, मी पंपाला चार शब्द सुनावले.

तेवढ्यात आई डोळे उघडून पडद्याकडे वाकली आणि आतून म्हणाली, "अगं, इथे मागच्या उजव्याचा आकडाच गेला. नुसत्या रेघा दिसताहेत."

टोपी पुढची काढली आणि आकडा मागचा गेला. मी खिडकीशी आले.

"आई, काल तू गाडी धुतलीस ना?"

"मग? इतक्या वर्षांनी बहिणीकडे धुळीने माखलेली गाडी न्यायची?"

"आणि टोप्या?"

"त्याही साबणाच्या पाण्यात घातल्या. पुसून परत लावल्या. सगळ्या सारख्याच तर आहेत."

दिसायला सारख्या, पण प्रत्येकीला आपापलं चाक नेमून दिलेलं. मी मागे गेले. आई जिथे बसली होती, बरोबर त्याखालचं चाक बसकं झालं होतं, आणि त्यात खिळा. माझं ते डुलण्याचं सुख ह्या चाकातून येत होतं. हसावं की रडावं कळेना. मी तिला सगळं खरं सांगून टाकलं.

तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"पण त्याने सांगितलं."

"सांगितलं. पत्ता तेवढा चुकला."

"तो मी चुकवला." ती दार उघडून खाली उतरली. आता घरी चल म्हणणार, असं मला वाटलं. ती गाडीला वळसा घालून पुढच्या सीटवर येऊन बसली. "हवा भर. आकडे मी वाचते, तू रस्ता बघ."

टोप्या जागच्या जागी लावल्या, हवा भरली आणि हळूहळू वळणावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेलो. त्याने खिळा काढून चाक दुरुस्त केलं. गाडी आता डुलत नव्हती, रस्त्याला धरून चालली होती. धुक्यात ऊन उतरू लागलं होतं. आई वाचत होती, "तेहेतीस, तेहेतीस, बत्तीस, तेहेतीस." मग पुन्हा तेच, अंगाईच्या लयीत. हळूहळू आवाज बारीक होत गेला. "तेहेतीस, तेहे..."

मी वळून पाहिलं. आई झोपली होती. गाडीत.

उरलेला रस्ता मी अगदी सावकाश कापला. मावशी काठी टेकत फाटकात उभीच होती. मी ओठांवर बोट ठेवलं. ती काचेतून बहिणीकडे बघत राहिली. मग मागचं दार अलगद उघडून आत बसली, काठी मांडीवर आडवी घेतली, आणि तिला जाग यायची वाट बघू लागली.